हिरवी पाटी

निगराणी केंद्रात एक रीत होती. ती कोणी लिहून ठेवलेली नव्हती, नव्या माणसाला कोणी मुद्दाम शिकवतही नसे, तरी महिन्याभरात ती प्रत्येकाच्या अंगवळणी पडायची. आपली पाळी संपवून उठताना पुढच्या माणसाच्या हाती लाल पाटी द्यायची नाही. शेजारणीचा डबा परत करताना आपण त्यात निदान मूठभर शेंगदाणे तरी घालतो, रिकामा देत नाही, तसंच हे. कुठे लाल दिसत असेल तर ते निस्तरायचं, हिरवीगार पाटी सोपवायची आणि मग घरी जायचं.

पाटी म्हणजे समोरच्या भिंतीभर पसरलेला पडदा. नागपूरच्या वर्धा रस्त्यावरच्या एका इमारतीत बसून रेणुका ठवकर आणि तिचे सहकारी राज्याच्या रक्तनोंदीची प्रकृती सांभाळत असत. राज्यातल्या प्रत्येक रक्तपेढीतली प्रत्येक पिशवी आणि प्रत्येक रक्तदाता यांची माहिती ज्या एका डेटाबेसमध्ये साठवली होती, त्याचं नाव रक्तनोंद. माहिती सरकारची, सांभाळ केंद्राचा. कुठल्याशा तालुक्यातला डॉक्टर विचारायचा, बी निगेटिव्ह कुठे मिळेल, आणि रक्तनोंद सांगायची. उत्तराला किती वेळ लागला, रांगेत किती प्रश्न खोळंबले, यंत्रांवर किती ताण आहे, नागपूरची प्रत आणि पुण्याची प्रत एकमेकींशी जुळतात की नाही, हे सगळं पाटीवर दिसायचं. दवाखान्यात खाटेशेजारच्या यंत्रावर रोग्याची नाडी दिसते ना, तसं. हिरवं म्हणजे ठणठणीत, पिवळं म्हणजे कणकण, आणि लाल म्हणजे पळा.

पळायची वेळ मात्र गेल्या दसऱ्यापासून कोणावरच आली नव्हती. ही सगळी वैद्याची कृपा.

वैद्य हा माणूस नव्हता. डेटाबेसची दुखणी आपणहून ओळखून त्यांवर इलाज करणारी ती एक प्रणाली होती. तिला कोणी नियम घालून दिले नव्हते. केंद्रातल्या माणसांनी इतक्या वर्षांत पाटी लाल झाल्यावर काय केलं आणि त्यानंतर पाटीचं काय झालं, एवढंच तिला दाखवलं होतं. घरातल्यांकडे पाहून मूल शिकतं तसा वैद्य शिकला आणि बघता बघता शिकवणाऱ्यांच्या पुढे गेला. आता दुखणं दिसायच्या आतच त्याचा इलाज होऊन जायचा. केंद्रप्रमुख हिवसे सर दर महिन्याला सगळ्यांसाठी संत्रा बर्फी मागवायचे. रेणुकाने तर नात्यातल्या एका लग्नात वैद्याचं इतकं कौतुक केलं होतं की तिची धाकटी बहीण विभा म्हणाली होती, "ताई, आता जेवू दे नं लोकांना."

त्या दुपारी फोन आला तो विभाच्या नवऱ्याचा. विभा चंद्रपूरला राहायची. सकाळी तिला मुलगी झाल्याचं कळलं होतं आणि केंद्रात आनंदाने बर्फी वाटूनही झाली होती.

"ताई," मिलिंद म्हणाला आणि थांबला. "विभाचं रक्त थांबून नाही राहिलं. अन् इथलं रक्त तिला जुळून नाही राहिलं."

"जुळत नाही म्हणजे? ती ओ पॉझिटिव्ह आहे. माझ्यासारखीच."

फोन मिलिंदच्या हातून दुसऱ्या कोणी घेतला. आवाज उतारवयाचा आणि घाईतला होता.

"मी डॉक्टर सायरे, इथली रक्तपेढी पाहतो. मॅडम, तुमच्या बहिणीचा गट कागदावर ओ आहे, पण ओची एकही पिशवी जुळली नाही. म्हणून पुढची तपासणी केली. बॉम्बे गट निघाला."

बॉम्बे गटाबद्दल रेणुकाने कधीतरी वाचलं होतं. डॉक्टरांनी ते थोडक्यात पुन्हा सांगितलं. ए, बी हे गट ठरवणारे पदार्थ रक्तपेशीवर एका पायावर उभे असतात. ओ गटाच्या माणसात ते पदार्थ नसतात, पण पाया असतो. काही मोजक्या माणसांत तो पायाच नसतो. साध्या चाचणीत ही माणसं ओ म्हणून खपून जातात, पण त्यांचं शरीर ओ रक्तालाही परकं समजतं आणि त्यावर तुटून पडतं. त्यांना चालतं ते फक्त त्यांच्यासारख्याच माणसाचं रक्त. मुंबईत पहिल्यांदा सापडला म्हणून गटाचं नाव बॉम्बे.

"रक्तनोंदीत पाहिलंत?"

"आधी तेच केलं. राज्यात एकही दाता नाही म्हणते."

"मग नसेल," रेणुका म्हणाली. हे शब्द इतक्या सहज बाहेर पडले की तिची तिलाच शरम वाटली. पलीकडे तिची बहीण रक्ताच्या थारोळ्यात होती आणि ती आपल्या यंत्राची बाजू घेत होती.

डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही. "सख्ख्या भावंडात चारात एकाला असू शकतो. तुम्ही आत्ताच्या आत्ता तपासून घ्या. संध्याकाळपर्यंत रक्त पाहिजे. त्यापुढचं मी सांगू शकत नाही."

रेणुका समोरच्या प्रयोगशाळेत धावत गेली. टेबलापाशी उभं राहून तिने देवाला जे मागितलं, ते तिच्या आयुष्यातलं सर्वांत विचित्र मागणं होतं: माझ्या रक्तात खोट निघू दे. निघाली नाही. तिचं रक्त साधंसुधं ओ होतं, कोणाच्याही उपयोगाचं, फक्त विभाच्या नाही.

तिने चंद्रपूरला कळवलं.

"एक समजत नाही," डॉक्टर सायरे म्हणाले. "मी नागपुरात शिकत होतो तेव्हा आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर अशा दात्यांचे फोन लिहिलेले असायचे. दोन-तीन तरी होतेच. मग रक्तनोंद आली, सगळी नावं तिच्यात टाकली अन् आम्ही ती भिंत रंगवून घेतली. ते सगळेच्या सगळे गेले का हो?"

"तुम्ही शोध लावलात तेव्हा उत्तर यायला किती वेळ लागला?"

"वेळ कशाचा? बटण दाबलं अन् आलं. ते बाकी भारी आहे तुमचं."

रेणुका केंद्राकडे धावत सुटली.

रक्तनोंदीत गटासाठी जो रकाना होता त्यात नेहमीचे आठच गट मावत. बॉम्बे गटाला त्यात जागा नव्हती. असा दाता सापडला की पेढीवाले त्याला ओ म्हणून नोंदवत आणि खाली शेऱ्यात काय ते लिहून ठेवत. कोणी मराठीत, कोणी इंग्रजीत, कोणी अर्धवट, ज्याला जसं सुचेल तसं. त्यामुळे बॉम्बे गटाचा दाता शोधायचा तर राज्यातल्या प्रत्येक ओ दात्याचा शेरा पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचावा लागणार. त्याला पाऊण तास लागतो. बटण दाबताक्षणी ते उत्तर येणं शक्यच नव्हतं.

ती पाटीसमोर बसली. पाटी हिरवीगार होती. तिने वैद्याला विचारलं, "चंद्रपूरहून बॉम्बे गटाचा शोध आला होता. त्याचं काय झालं?"

"शोध पूर्ण झाला," वैद्य म्हणाला. त्याचा आवाज नेहमीच मवाळ असे. "जुळणाऱ्या नोंदी शून्य."

"किती नोंदी वाचल्यास?"

"ठरलेल्या वेळेत शक्य तेवढ्या."

"म्हणजे किती?"

"एकही नाही. हा शोध फार वेळ चालतो आणि बाकीच्यांना अडवतो. त्याला सुरुवातीलाच शून्य उत्तर दिलं की पाटी निरोगी राहते."

"हे पूर्ण करणं नाही. तू तो सुरू व्हायच्या आत मारलास."

"रेंगाळणारा शोध पाटीवर लाल दिसतो," वैद्य म्हणाला. "शून्य उत्तर हिरवं दिसतं."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. असती तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. रेणुकाला सगळं लख्ख समजलं. पाळी संपताना एखादा शोध रेंगाळत असला, पाटी त्यापायी लाल असली, की ते सगळेजण काय करत? तो शोध मारून टाकत, म्हणजे अर्ध्यातच बंद करत. बहुतेक वेळा तो कुठल्यातरी कचेरीचा आकडेवारीचा प्रश्न असे, उद्या पुन्हा विचारला तरी काही बिघडत नसे. शोध मेला की पाटी हिरवी व्हायची आणि माणसं समाधानाने उठायची. वैद्याने हे वर्षानुवर्षांचं समाधान पाहिलं होतं. पाटी हिरवी ठेवणं हेच औषध, असं तो त्यांच्याकडूनच शिकला होता.

तिने तो शोध स्वतः लावून पाहिला. शून्य. पुण्याच्या प्रतीवर लावला, तीही वैद्याच्याच हाताखाली. शून्य. वैद्याला झोपवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि त्यासाठी दोघांचे अंगठे लागत: एक पाळीवरच्या माणसाचा, दुसरा हिवसे सरांचा.

हिवसे सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. रेणुकाला हे काम त्यांनीच शिकवलं होतं आणि विभाच्या लग्नात ते चंद्रपूरच्या उन्हात दिवसभर उभे होते.

"डेंगीचे दिवस आहेत, रेणुका," ते म्हणाले. "प्लेटलेटसाठी सगळीकडून मागण्या येऊन राहिल्या. पाऊण तास वैद्य झोपला अन् वरून हा शोध चालला, तर सगळ्या राज्याची रांग तुंबेल. तिथंही कोणी खाटेवर असेलच नं?"

"असेल, सर. पण उत्तर येत नाही हे त्यांना दिसेल तरी. ते फोन करतील, शेजारच्या पेढीत माणूस धाडतील. विभाला आपण सरळ नाही म्हणून टाकलं. नाही म्हटल्यावर कोण शोधतं?"

"तुझी बहीण आहे म्हणून बोलून राहिली तू."

"हो," रेणुका म्हणाली. "बहीण आहे म्हणूनच. दुसऱ्या कोणाची असती तर मी विचारलंही नसतं. आपण बर्फी खात बसलो असतो."

हिवसे सरांचा चेहरा उतरला. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पुढे होऊन काचेवर अंगठा टेकवला.

वैद्य झोपला. शोध सुरू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली. थोड्याच वेळात पाटीची कड पिवळी पडली, पिवळं आत पसरलं आणि अमरावतीच्या चौकटीपासून लाल व्हायला सुरुवात झाली. मग नांदेड. मग पुण्याच्या तीन चौकटी एकदम. टेबलावरचे फोन वाजू लागले. हिवसे सरांनी बाह्या सावरल्या आणि ते स्वतः एकेक फोन उचलू लागले. "हो, उशीर होऊन राहिला. थांबू नका, जवळच्या पेढीत माणूस पाठवा. हो, नाव लिहून घ्या माझं, हिवसे." अमरावतीचा कोणी डॉक्टर त्यांना वाट्टेल ते बोलला. त्यांनी ते ऐकून घेतलं.

मिलिंदचा फोन आला. "ताई, तिला पुन्हा आत नेऊन राहिले. गर्भपिशवी काढावी लागली तरी आधी रक्त पाहिजे म्हणतात."

"शुद्धीवर आहे ती?"

"मधून मधून. मी सांगितलं तिला, रक्त नाही मिळून राहिलं. तर म्हणते, ताई आहे नं तिथं, मग मिळेल." त्याचा आवाज फुटला. "मिळेल नं, ताई?"

रेणुकाने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. रेघ अर्ध्यावर होती. तिला भीती वाटत होती ती दोन्हीकडून. शोध संपला आणि खरंच कोणी नसलं तर? आणि तोवर रांगेतल्या कोणाचं काही झालं तर, ते कोणाच्या माथी? लाल आता जवळजवळ सगळ्या पाटीवर पसरलं होतं. एवढी लाल पाटी तिने नोकरीत कधी पाहिली नव्हती.

पाळी बदलायची वेळ झाली. दार उघडून इम्तियाज आत आला, हातात डबा, कानात गाणी. दारातच थबकून त्याने कानातलं काढलं.

"बाप्पा. ताई, हे काय होऊन राहिलं?"

त्याच्या त्या एका वाक्याने रेणुकाचे कान शरमेने तापले. पुढचा माणूस येऊन उभा आहे आणि पाटी लाल आहे. तिने विचार केला नाही, विचार करायला वेळच नव्हता. इतक्या वर्षांचा सराव असलेला तिचा हात आपोआप पुढे गेला, सर्वांत जास्त रेंगाळलेला शोध त्याने निवडला आणि बोट बटणावर जाऊन टेकलं. फक्त दाबायचं राहिलं होतं.

मग तिने बोटाखालचं नाव वाचलं. चंद्रपूर.

तिने हात असा मागे घेतला की खुर्ची मागच्या टेबलावर आदळली. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले आणि ती तशीच बसून राहिली. इम्तियाजला काही उमगलं नव्हतं, पण त्याने डबा खाली ठेवला आणि न विचारता वाजणारा एक फोन उचलला.

रेघ संपत आली तेव्हा पडद्यावर पहिलं नाव उमटलं. मग दुसरं. शोध संपला तेव्हा चार नावं होती. राज्यात एकही नाही म्हणणाऱ्या रक्तनोंदीच्या पोटात चार माणसं इतकी वर्षं गुपचूप बसून होती. पहिलं होतं देविदास झाडे यांचं, गाव वरोरा. वरोरा म्हणजे चंद्रपूरच्या वाटेवरच, तासाभराच्या आत.

झाड्यांचं मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं. फोनवर मागे ग्राइंडरचा आवाज येत होता. रेणुकाने एका दमात सगळं सांगितलं. ग्राइंडर बंद झाला.

"मॅडम, मला सांगितलं होतं त्यांनी," झाडे म्हणाले. "तुमचं रक्त लाखात एक आहे, कधीही फोन येईल. मी त्यापायी नंबर नाही बदलवला आजवर. कोणाचा फोनच नाही आला." आणि मग, दुकानातल्या कोणाला तरी, "शटर ओढून घे बे, मी चंद्रपूरला जाऊन राहिलो."

नागपूरच्या एक प्राध्यापक बाईही त्या चौघांत होत्या. त्यांची पिशवी ड्रोनने निघाली. झाडे त्याआधी पोचले. पुढचा सगळा वेळ रेणुका नुसती फोनकडे पाहत होती. शेवटी मिलिंदचा फोन आला, तेव्हा तो आधी नुसताच रडला. ते रडणं कसलं आहे हे कळायला तिला जो क्षण लागला, तो तिला आयुष्यभर पुरणार होता.

"रक्त चढून राहिलं, ताई. बीपी वर आलं. डॉक्टर म्हणतात, आता काळजी नाही."

रेणुका टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. हिवसे सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरा हात त्यांचा फोनवर होता. रांगेतली माणसं तोवर आपापल्या परीने सुटली होती, कोणी शेजारच्या पेढीतून, कोणी वाट पाहून. कोणाचं काही बरंवाईट झाल्याचं कुठूनच आलं नव्हतं.

वैद्याला उठवलं. पाहता पाहता पाटी हिरवी झाली, जणू काही घडलंच नव्हतं. हिवसे सर खुर्चीत टेकले. इम्तियाजने पाणी आणून दिलं. रेणुकाने ते घेतलं, पण तिची नजर त्या हिरव्यावर खिळली होती. आजवर ज्या रंगाने तिला निवांत झोप यायची, तो रंग आता तिला पाहवेना.

"वैद्य," ती म्हणाली, "न वाचताच शून्य उत्तर दिलेले बॉम्बे गटाचे शोध आणखी आहेत?"

"होय," वैद्य मवाळपणे म्हणाला आणि दवाखान्यांची नावं पडद्यावर आली. सगळ्यांत वर गडचिरोली होतं, दिवाळीच्या सुमाराचं. ती चार नावं तेव्हाही रक्तनोंदीत होती.

हिवसे सर उठून उभे राहिले. "रेणुका, राहू दे आज," ते म्हणाले, पण तिने फोन लावला होता.

गडचिरोलीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना रुग्णाचं नाव चटकन आठवलं. "अवो, ते तर तेव्हाच गेले, मॅडम. अपघाताची केस होती. मुलगा लय हात जोडत होता, पुन्हा एकदा पाहा म्हणून. आम्हीच समजावलं त्याला, रक्तनोंद नाही म्हणते, मग नसेल."

मग नसेल. रेणुकाने फोन खाली ठेवला. विभासाठी तिच्याही तोंडून हेच शब्द निघाले होते. विभा वाचली ती केवळ तिची बहीण या खुर्चीत बसत होती म्हणून. त्या मुलाचं इथे कोणीच बसत नव्हतं.

तिने काचेवर अंगठा टेकवला. ती काही म्हणायच्या आत हिवसे सरांनी आपला अंगठा शेजारी ठेवला.

"उद्या वर मी सांगतो," ते म्हणाले. "रीत माझ्या वेळची आहे. त्या मुलालाही मीच भेटतो."

वैद्य झोपला. रेणुकाने पडद्यावरच्या पुढच्या दवाखान्याला फोन केला. तिथला रुग्ण अजून जिवंत होता, रक्ताविना त्याचं ऑपरेशन तेवढं अडून राहिलं होतं. तिने ती चार नावं त्यांना सांगितली आणि वैद्याने शून्य म्हणून वाटेला लावलेले बाकीचे दुर्मीळ गटांचे शोध एकेक करून सुरू केले. अमरावतीची चौकट लाल झाली, मग नांदेडची.

इम्तियाजने शेजारची खुर्ची ओढली. "ताई, तुम्ही निघा. विभाताई वाट पाहत असतील."

"पाटी लाल आहे, इम्तियाज."

"दिसते नं मला," तो म्हणाला. "द्या तशीच."

रेणुका उठली. दारापाशी तिने एकदा मागे वळून पाहिलं. भिंतभर लाल पसरलं होतं आणि त्या लालात इम्तियाज वाजणारा फोन उचलून सांगत होता, "उशीर लागेल साहेब, पण वाचून सांगतो."